न दुखणारा गुडघा

“एवढ्याशा वयात गुडघे गेले बग गो पोरीचे,” समोरच्या बाकावरच्या बाई शेजारणीला म्हणाल्या. आवाज खाली घेतला होता, पण वेटिंग रूम लहान होती.

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. खरं म्हणजे माझे गुडघे ठणठणीत होते. बस शीळफाट्याला अडकली होती, उशीर झाला होता, म्हणून दोन मिनिटांपूर्वीच मी त्या इमारतीचा जिना धावत चढले होते. पण दार ढकललं, आत बसलेल्या पाच-सहा जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि माझा डावा पाय आपोआप थोडा ओढला गेला. मग तो तसाच ओढत मी कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत गेले.

ठाण्यातल्या त्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन डॉक्टरांच्या खोल्या होत्या आणि दोघांत मिळून एकच वेटिंग रूम. डाव्या दारामागे फिजिओथेरपिस्ट. तिथे सदानकदा गर्दी. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, बहुतेकांचे गुडघे. उजव्या दारामागे मन की काय ते बघणाऱ्या मॅम. तिथे तासाला एकच माणूस. म्हणजे त्या खुर्च्यांवर बसलेल्या ज्या माणसाचं काहीच दुखताना दिसत नाही, तो कुठे चाललाय हे सगळ्यांना कळणार.

ही युक्ती मूळची आईची. मी थेरपीला जायचं म्हटलं तेव्हा ती नाही म्हणाली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. फक्त भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “जा. पण डोंबिवलीत नको. आपल्या मानपाडा रोडला शिंकलं तरी सोसायटीत कळतं.” मी तिला ठाण्याच्या क्लिनिकचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला, दोन्ही पाट्या वाचल्या. “फिजिओ पण आहे ना तिथे? झालं तर मग. कुणी भेटलंच, तर गुडघ्यासाठी आलेय म्हणून सांगायचं.”

मला सांगावंही लागलं नाही. माझ्या पायानेच सांगून टाकलं.

जायचं का ठरवलं, तर मला बोलता येत नव्हतं. म्हणजे घरी येत होतं, एका मैत्रिणीशी येत होतं. तीनपेक्षा जास्त माणसं ऐकत असली की घसा बंद. पहिल्या नोकरीत रोज सकाळी ऑनलाइन मीटिंग असायची, प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची. मी चॅटमध्ये टाइप करायचे, की माइक चालत नाहीये. माझा माइक वर्षभर चालत नव्हता. कंपनीने नवा हेडफोन पाठवला, तेव्हा मी राजीनामा दिला. घरी सांगितलं की काम आवडत नाही.

दुसऱ्या नोकरीत वरिष्ठ बाई चांगल्या होत्या, आणि म्हणूनच अडचण होती. आम्ही जे बनवायचो त्याचा दर महिन्याला सगळ्यांसमोर डेमो द्यावा लागायचा. माझ्या कामाचा डेमो दोनदा शेजारच्याने दिला. तिसऱ्या वेळी बाईंनी मला बाजूला घेतलं. “काम तुझं, बोलतो तो. हे बरोबर नाही. दिवाळीनंतरचा डेमो तू द्यायचास. नाही जमलं तर मला तुला आतल्या कामावर टाकावं लागेल, आणि तिथून वर येणं कठीण असतं.” दिवाळीला अडीच महिने होते. त्या रात्री मी मोबाइलवर थेरपिस्ट शोधायला लागले. फोन करायचं धाडस नव्हतं. मेसेजवर वेळ देणाऱ्या एकच सापडल्या.

थेरपीबद्दल माझ्या डोक्यात होतं ते सगळं सिनेमातून आलेलं. लांब सोफा असेल, मंद दिवा असेल, मी आडवी होऊन लहानपण सांगेन आणि त्या काही न बोलता वहीत लिहितील. किंवा नुसतं डोळ्यांत बघून सगळं ओळखतील. दुसऱ्याची मला जास्त भीती होती.

प्रत्यक्षात वेताच्या दोन खुर्च्या होत्या. भिंतीवर पांढरा फळा, आमच्या क्लासमध्ये असायचा तसा. दोघींना दिसेल असं घड्याळ. मॅम माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. नावाने हाक मार म्हणाल्या, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. आधी एक फॉर्म भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, किती वेळा घाबरल्यासारखं वाटलं. मग म्हणाल्या, इथलं बोलणं इथेच राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच मला बाहेर कुणाला सांगावं लागेल, आणि तेही शक्यतो आधी तुला सांगून. ते ऐकून मला बरं वाटलं. कुणीतरी नियम आधी सांगत होतं.

“तीन महिन्यांनी काय वेगळं झालेलं हवंय तुला?” त्यांनी विचारलं.

“कॉन्फिडन्स,” मी म्हटलं. ते पाठच होतं.

“बरं. तो आलाय हे मला बाहेरून कसं दिसेल?”

हे पाठ नव्हतं. मी घड्याळाकडे पाहिलं. मग मी म्हटलं, “शेअर रिक्षा मला हवी तिथे थांबेल.”

कारण ती थांबत नव्हती. स्टेशनवरून आमच्याकडे येणाऱ्या शेअर रिक्षात आपली जागा आली की ‘थांबवा’ म्हणावं लागतं. मी कॉलेजपासून ते म्हटलं नव्हतं. दुसरं कुणी उतरेल तिथे मी उतरायचे आणि तिथून मागे चालत घरी यायचे. कधी कधी पंधरा मिनिटं. आईला वाटायचं, ट्रॅफिक.

मॅम हसल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी एक गोल काढला. डोक्यात काय येतं, अंगात काय होतं, मग आपण काय करतो आणि त्यामुळे पुन्हा डोक्यात काय येतं. बाण काढून सगळं जोडलं. म्हणाल्या, या पद्धतीला सीबीटी म्हणतात. मी सल्ले देणार नाही. आपण दोघी मिळून बघायचं, तुझ्या डोक्यातलं खरं आहे का. साधारण दहा-बारा भेटी लागतील, कमी-जास्त होईल. दर वेळी काय करायचं ते सुरुवातीला ठरवू आणि दर आठवड्याला घरचा अभ्यास असेल. मधेच एकदा आधीपेक्षा वाईट वाटेल, कारण ज्यापासून तू पळतेस त्याच्याकडे बघायला लावणार आहे मी. आणि माझं काही पटलं नाही, तर तसं सांगायचं. मी सगळ्याला मान डोलावली.

अभ्यास म्हटल्यावर मी खूश झाले. अभ्यासात मी हुशार होते. एक वही आणली, पट्टीने रकाने आखले: काय घडलं, डोक्यात काय आलं, त्यावर किती टक्के विश्वास बसला, काय वाटलं. आठवडाभर शाळेतल्यासारख्या अक्षरात, इंग्रजीत लिहिलं.

मॅमनी सगळी पानं वाचली. “फार छान लिहिलंयस. एक विचारू? मीटिंगमध्ये बाईंनी तुझं नाव घेतलं, त्या क्षणी डोक्यात हेच वाक्य आलं? एवढं लांब? इंग्रजीत?”

मी हो म्हणणार होते. पण ते वाक्य माझ्या डोक्यातलं नव्हतं, मी ते गूगल करून लिहिलं होतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. फॉर्म, अर्ज, ऑफिस, भांडणाचे मेसेजसुद्धा इंग्रजीत. मला वाटायचं, माझी भीतीसुद्धा इंग्रजीतच असणार.

“आता दात काढणार सगळे,” मी म्हटलं.

एवढंच होतं ते. चार शब्द. म्हटल्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. मॅमनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला नाही, फक्त आमच्या मधोमध ठेवला. त्या दिवसापासून आम्ही मराठीत बोलायला लागलो.

ते वाक्य कुठून आलं तेही सापडलं, पण आम्ही त्यात फार दिवस रमलो नाही. मी तिसरीत असताना सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर मराठी कविता म्हणायला उभी राहिले होते. दुसऱ्याच ओळीत काहीतरी चुकलं, समोरच्या खुर्च्या खदखदल्या. कुणीतरी म्हणालं, “इंग्लिश मीडियम ना, चालायचंच.” खाली उतरल्यावर आईने माझा हात घट्ट धरला. “येत नाही तर उभं कशाला राहायचं गं?” ती चिडली नव्हती, तिला लाज वाटली होती. ते मला आत्ता, हे लिहिताना कळतंय. मॅमनी वहीत आणखी दोन रकाने आखायला सांगितले. हे खरं आहे याचा पुरावा काय, आणि खरं नाही याचा पुरावा काय. पहिल्यात मी तो गणपती लिहिला. खाली लिहायला दुसरं काही सापडेना. पंधरा वर्षं मी एका प्रसंगावर काढली होती.

इकडे वेटिंग रूममध्ये माझा गुडघा प्रसिद्ध झाला होता.

‘गुडघे गेले’ म्हणणाऱ्या त्या मावशी दर शनिवारी माझ्याच वेळेला यायच्या. घोडबंदरच्या बाजूच्या गावातल्या, जुन्या तिथल्याच. कोपरापर्यंत बांगड्या, अंबाड्यात अबोलीचा गजरा. लहानपणी मिठागरात उकिडवं बसून मीठ ओढलं, त्याने गुडघे गेले असं सगळ्यांना सांगायच्या. आता त्या जागेवर टॉवर आहेत आणि त्यातल्या एकात मावशी राहतात; लिफ्ट बंद पडली की जिन्यावर त्यांचे गुडघे दुखतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची धरली.

“काय गो बाय, कनचा गुडघा?”

“डावा.”

“परलीस काय?”

पडले होते का, यावर मी नुसती मान हलवली. त्यातून हो की नाही, काहीही घेता आलं असतं. त्यांनी हो घेतलं.

“घरचा तेल हाय, निगडीचा. पुढल्या टायमाला आनते.”

आणि खरंच आणलं ते निर्गुंडीचं तेल. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, वरचं लेबल नखाने अर्धं खरवडलेलं. “रातीला चोळ नि वर फडका बांद. नाय बरी झालीस तर मला सांग.” पुढच्या शनिवारी, “फरक हाय काय?” मी म्हटलं, “हो, थोडा.” त्यांचा चेहरा इतका खुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी काउंटरवरच्या मुलीला माझी शिफारसही केली. “हिला आदी घे गो, लांबून येते पोर.” ती बिचारी फिजिओच्या गठ्ठ्यात माझी फाइल शोधत बसली.

तोच तो वाईट आठवडा होता, मॅमनी आधी सांगितलेला. ऑफिसमध्ये मी माइक चालू करून एक वाक्य बोलायचं ठरलं होतं. मी माइक चालू केला आणि फक्त श्वास ऐकू गेला. कुणीतरी विचारलं, “हॅलो, कोण आहे?” मी बंद केला. रात्री मॅमना मेसेज लिहिला, की यापुढे मला जमणार नाही, शनिवारी क्लास सुरू होतोय, हेही खोटंच. पाठवला नाही. सकाळी पुसला. मग शनिवारी गेले आणि सांगितलं, सगळं छान चाललंय.

शेवटी मॅमनी दर वेळचा प्रश्न विचारला. “आज काय पटलं नाही?”

“सगळं पटलं.”

“पाच आठवडे तुला सगळंच पटतंय. मला आता जरा संशय यायला लागलाय.”

त्यावर मी हसून वही पिशवीत टाकली.

सहाव्या शनिवारी माझी फजिती झाली. आत शिरताना मी विचारात होते. खुर्चीपाशी पोहोचले तर मावशी माझ्या पायांकडे बघत होत्या.

“गेल्या टायमाला डावा व्हता ना?”

मी खाली पाहिलं. उजवा पाय ओढत आले होते.

“आता दोन्ही,” मी म्हटलं.

“अरे द्येवा,” मावशी इतक्या मनापासून कळवळल्या की शेजारच्या कंबरवाल्या काकांनी उठून मला पाय लांब करायला जागा करून दिली. मी पाय लांब केले. दुसरं काय करणार?

आत गेल्यावर मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले. पाय, तेल, फाइल, काका, सगळं. पाठवला नाही तो मेसेजसुद्धा. मॅमनी ओठ घट्ट मिटले होते, पण ‘आता दोन्ही’ला त्यांना हसू आवरेना. तोंडावर हात धरून हसल्या, मग म्हणाल्या, “सॉरी, अगं, खरंच सॉरी.” आणि मला कळलं की मीही हसतेय. समोरचं माणूस माझ्यावर दात काढत होतं आणि मला काहीच झालं नव्हतं. उलट आठवड्यात पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती.

मग त्या फळ्याकडे गेल्या. “आपण पकडले जाऊ नये म्हणून जे जे करतो, ते बघू आज. लंगडणं. अजून?” मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. माइक चालत नाही म्हणणं. दुसरा उतरेल तिथे उतरणं. सगळं पटलं म्हणणं. फळा भरला. “हे सगळं लंगडणंच आहे,” मॅम म्हणाल्या. “त्याने त्या वेळेपुरतं वाचवलं तुला. पण त्यामुळे एक गोष्ट कधीच कळली नाही, की सरळ चालत गेली असतीस तर काय झालं असतं.”

आम्ही एक शिडी काढली. खालच्या पायरीवर सोपं, वर वर कठीण. प्रत्येकीपुढे भीती किती टक्के, तेही. रिक्षा चाळीस. मीटिंगमध्ये एक वाक्य पंचावन्न. डेमो सत्तर. आणि मावशींना खरं सांगणं, नव्वद.

“डेमोपेक्षा वर?” मॅमना आश्चर्य वाटलं. मलाही. पण डेमोत चुकले असते तर लोक म्हणाले असते, हिला बोलता येत नाही. मावशींना सांगितलं असतं, तर मी कुठल्या दाराने आत जाते ते कळलं असतं. माझी खात्री होती की त्या खुर्ची बदलतील.

रिक्षापासून सुरुवात केली. करायच्या आधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. मी लिहिलं, सगळे वळून बघतील आणि हसतील. जागा आली. मी म्हटलं, “थांबवा.” रिक्षावाल्याला ऐकूच गेलं नाही. पुढचा गतिरोधक गेला. मग कुठून आवाज आला कोण जाणे, “दादा, इथेच!” अशी ओरडलेच मी. ब्रेक लागला. शेजारचा माणूस दचकून जागा झाला. रिक्षावाला म्हणाला, “अगं ताई, जरा आधी सांगायचं ना.” झालं, एवढंच. रिक्षा गेली. मी फुटपाथवर उभी राहून वही काढली आणि लिहिलं: हसलं कुणी नाही. एक जण जागा झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी विसरले, लिहायला. म्हटलं मात्र होतं.

डेमो दिवाळीनंतरच्या बुधवारी झाला. पहिली दोन मिनिटं आवाज कापत होता, तो सगळ्यांना ऐकू गेला असणार. मधे एकाने असा प्रश्न विचारला की उत्तर माहीत नव्हतं. “हे मला बघून सांगावं लागेल,” मी म्हटलं. तो “ओके” म्हणाला आणि पुढचा प्रश्न विचारला. नंतर वरिष्ठ बाई म्हणाल्या, “ठीक झालं. पुढच्या वेळी स्क्रीनवरची अक्षरं मोठी ठेव.” पुढच्या वेळी, हे त्या इतकं सहज म्हणाल्या की मी तेच धरून घरी आले.

आईने सगळं ऐकून घेतलं. पोह्यांत लिंबू पिळता पिळता तिने विचारलं, “मग आता ठाण्याचं बंद ना?”

“अजून तीन-चार वेळा जायचंय. मॅम म्हणाल्या, पुन्हा लंगडायला लागलीस तर काय करायचं, ते ठरवू.”

“बरं.” मग माझ्याकडे न बघता, “ते तेल आणखी मिळेल का गं? बाटली तुझ्या कपाटात नुसतीच पडली होती. मी लावते रोज. जिना चढताना फार बरं वाटतंय.”

त्या शनिवारी बस शीळफाट्याला अडकली नाही. मी वेळेआधी पोहोचले. जिना हळू चढले. दाराबाहेर उभं राहून वहीत लिहिलं: मावशी सरकून बसतील. खात्री नव्वद टक्के. मग ते खोडलं आणि ऐंशी केलं.

दार ढकललं. सहा-सात जण होते. सगळ्यांनी पाहिलं. डावा पाय सवयीने ओढायला निघाला होता. मी तो सरळ टाकला. मग उजवा. त्या खुर्चीपर्यंत बारा पावलं आहेत हे मला पहिल्यांदाच समजलं.

मावशींनी शेजारची खुर्ची थोपटली. “ये गो, बस. आज काय बेस चालतेस! तेल लागला बग.” आणि खोलीतल्या सगळ्यांना उद्देशून, “घरचा तेल हाय आमचा. पोर लंगडत यायची, बगितलीत ना?”

कंबरवाल्या काकांनी मान डोलावली. काउंटरवरच्या मुलीनेही वर पाहिलं. ‘हो, तेलानेच’, एवढं म्हटलं असतं तरी सगळे खूश झाले असते, मावशी सगळ्यांत जास्त. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. मी बसले, हात मांडीवर ठेवले आणि जरा मोठ्यानेच म्हटलं:

“मावशी, माझा गुडघा कधी दुखतच नव्हता. तुमचं तेल माझी आई लावते, तिला फार बरं वाटतंय, अजून हवंय म्हणाली. मी त्या उजव्या दारात येते. मला माणसांसमोर बोलायची भीती वाटते, त्यासाठी.”